फ्रिजमधला भात आणि चॉकलेटचे कपकेक

रात्री उरलेला भात डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवला तरी सकाळी त्याची शितं टणक झालेली असतात. बोटांत धरून दाबलं की चुरतात. तोच भात फोडणीला टाकला, वरून पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं की पाच मिनिटांत पुन्हा मऊ. हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पण घरी केलेले चॉकलेटचे कपकेक दुसऱ्या दिवशी कोरडे का लागतात, याचं निम्मं उत्तर या भातात आहे, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

भाचीचा पाचवा वाढदिवस होता. आदल्या संध्याकाळी ठाण्यात घरी चोवीस कपकेक भाजले. एक फोडून पाहिला. आतून ओलसर होता, बोटानं दाबला की हळूच वर येत होता. सगळे गार करून वर बटरचं आयसिंग लावलं, स्टीलच्या दोन पसरट डब्यांत भरले, झाकणं घट्ट लावली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळच्या गाडीनं पुण्याला बहिणीकडे पोचले. दुपारी मुलांनी वरचं आयसिंग आवडीनं खाल्लं आणि खालचा केक बशीत तसाच ठेवला. भाचीनं विचारलं, “मावशी, हा दुधात बुडवून खाऊ?”

झाकण घट्ट होतं. मग केकमधलं पाणी गेलं कुठे? खरं तर ते फारसं कुठे गेलंच नव्हतं. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त बुसँगो यांनी १८५२ साली पावावर प्रयोग करून दाखवलं होतं की पाव हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी जराही कमी होऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतो. आणि तापवला की पुन्हा मऊ होतो. म्हणजे शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिठातला स्टार्च भाजताना पाणी पिऊन फुगतो, त्याच्या साखळ्या सैल होतात आणि घास मऊ लागतो. पदार्थ गार झाला की या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून शिस्तीत बसू लागतात. तशा बसताना त्यांच्यामधलं पाणी बाजूला सारलं जातं. पाणी केकमध्येच असतं, पण जिभेला जाणवत नाही. ही क्रिया सर्वांत वेगानं होते ती शून्याच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजमध्ये. ओट्यावर ती मंद असते आणि डीप फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबते. आपण ज्या कपाटावर ताजेपणासाठी विश्वास ठेवतो, तेच केकसाठी सर्वांत वाईट.

तेव्हापासून ओलसर कपकेककडे मी एकाच प्रश्नातून पाहते. यात पाणी किती घातलं हा तो प्रश्न नाही, कारण पाणी कितीही घालता येतं. ते धरून कोण ठेवतंय आणि घालवतंय कोण, हे पाहायचं. साहित्यातली प्रत्येक गोष्ट यातल्या एका बाजूला उभी असते.

त्याआधी नावाबद्दल थोडं, कारण मापाचा घोळ तिथूनच सुरू होतो. अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईंच्या १७९६ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे १८२८ साली एलायझा लेस्ली यांनी ‘कप केक’ हे नाव छापलं, पण तिथे साहित्य कपानं मोजायचं होतं. म्हणजे एका वाटेनं कप हे भांडं आणि दुसऱ्या वाटेनं कप हे माप. आपल्याकडे वाटीचं तसंच आहे. एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, यावर आपला शिरा बिघडत नाही, कारण शिजताना हात पाहत असतो आणि गरज पडली तर पाणी वाढवतो. केक ओव्हनमध्ये गेल्यावर काहीच वाढवता येत नाही. मैदा चाळून हलक्या हातानं कपात भरला तर साधारण १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या घरात जातो. एवढा जास्तीचा मैदा गेला की बाकी सगळं बरोबर असूनही केक कोरडा झालाच म्हणून समजा. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा असावा, असं मी केक शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगते. महागड्या साच्यांच्या आधी तो घ्यावा.

माझं बारा कपकेकचं माप असं आहे: मैदा १२० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३५ ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, वास नसलेलं तेल ७० मिलिलिटर, एक अंडं, पातळ केलेलं ताजं दही १२० मिलिलिटर, उकळतं पाणी ११० मिलिलिटर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, चमचाभर व्हॅनिला. पाण्यात एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी घालते. कॉफीची चव वेगळी कळत नाही, चॉकलेटची मात्र गडद होते.

यात सर्वांत जास्त बोलण्यासारखी गोष्ट कोको आहे. कोकोच्या बीच्या गरात निम्म्याहून थोडी अधिक चरबी असते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हान हौटेन कुटुंबानं १८२८ साली दाब देऊन ही चरबी पिळून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. उरलेल्या पेंडेची पूड म्हणजे कोको पावडर. मुलगा कुनराड व्हान हौटेन यानं या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायला सुरुवात केली. त्यानं कोकोचा आंबटपणा जातो, रंग काळसर होतो, चव सौम्य होते. याला आजही ‘डच’ कोको म्हणतात. दुकानातल्या पाकिटावर हा शब्द असेलच असं नाही, पण घटकांच्या यादीत अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५०० किंवा ५०१ असे आकडे दिसले तर तो प्रक्रिया केलेला कोको समजावा. फरक नुसता चवीचा नाही. साधा कोको आंबट असतो, म्हणून खायच्या सोड्याला उठवायला तो मदत करतो. डच कोकोत ती धमक नसते. तिथे दही नाहीतर बेकिंग पावडर असावीच लागते. इंटरनेटवरच्या एखाद्या परदेशी कृतीत नुसता सोडा आणि कोको लिहिलेला असतो, आपण डच कोको वापरतो, आणि मग केक बसतो. वर साबणासारखी चव येते, कारण आम्ल न मिळालेला सोडा तसाच मागे राहतो.

कोकोचा दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा. तो अतिशय तहानलेला असतो. त्यात स्वतःचा स्टार्च असतो, तंतू असतात, आणि ते मैद्याहूनही जास्त पाणी ओढतात. व्हॅनिला केकच्या कृतीत थोडा मैदा काढून तेवढाच कोको घातला की झाला चॉकलेट केक, असा हिशेब बरेच जण करतात. तो केक हमखास कोरडा होतो. म्हणून चॉकलेटच्या कपकेकचं मिश्रण मुद्दाम पातळ ठेवायचं असतं. पहिल्यांदा करणारा घाबरतो, आपलं काही चुकलं म्हणून वरून मैदा घालतो आणि तिथेच घात होतो. हे मिश्रण धिरड्याच्या पिठासारखं असावं. पळीनं वाढायचं नाही, तोटीच्या भांड्यातून साच्यात ओतायचं.

उकळतं पाणीही याच कामासाठी. वाटीत कोको घेऊन त्यावर पाणी ओतलं की आधी पूड वर तरंगते, पाण्याला शिवूनच घेत नाही. चमच्यानं कडेकडेनं ढवळत राहायचं. पाऊण मिनिटात ती एकदम आत जाते, मिश्रण चकचकीत काळपट होतं आणि घरभर वास सुटतो. गरम तेलात तिखट-हळद पडल्यावर जसा वास खुलतो, तशातलाच हा प्रकार. कोकोनं आपली तहान इथेच भागवून घेतली की मग तो मैद्याच्या वाट्याचं पाणी ओढत नाही. हे मिश्रण कोमट होऊ द्यायचं, नाहीतर अंडं त्यात शिजेल.

साखरेकडे आपण फक्त गोडीसाठी पाहतो. पण साखर पाण्याला घट्ट धरते. पाकातले रव्याचे लाडू कितीतरी दिवस मऊ राहतात ते पाकाच्या जिवावर. केकमध्ये ती आणखी एक काम करते: स्टार्चला लवकर फुगू देत नाही. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो. साखरेच्या दाट मिश्रणात तो ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत थांबतो. तेवढ्या वेळात केकला फुलायला सवड मिळते. गार झाल्यावर स्टार्चच्या साखळ्यांना पुन्हा रांगेत बसायलाही साखर अडवते. म्हणून आरोग्याच्या काळजीनं कृतीतली साखर निम्मी केली की केकचा पोतच बिघडतो. १८० ग्रॅमची १६० केली तर चालेल. त्याहून कमी गोड हवं असेल तर वरचं आयसिंग कमी लावावं किंवा कपकेक लहान करावेत. थोडी साखर काढून तिच्या जागी गूळ पावडर घातली तर ओल आणखी चांगली राहते, फक्त गुळाची चव चॉकलेटच्या मागे कळते. मला ती आवडते.

तेल की बटर, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. बटरला चव आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण बटरमध्ये चरबी ८० टक्क्यांच्या आसपास, उरलेलं मुख्यतः पाणी. आणि ती चरबी घरातल्या साध्या तापमानाला घट्ट असते. बटरचा केक गार झाला की चरबी गोठते आणि घास कोरडा वाटतो, आत ओल असली तरी. तेल फ्रिजमध्येसुद्धा पातळ राहतं, म्हणून तेलाचा केक जिभेवर ओला लागतो. चॉकलेटची चव एवढी दणकट असते की बटरची उणीव जाणवत नाही. सूर्यफुलाचं तेल चालतं, तांदळाच्या कोंड्याचं चालतं. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल मात्र इथे नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो. वाढदिवसाच्या त्या चोवीस कपकेकमध्ये मी बटर घातलं होतं.

मैद्याच्या बाबतीत आपले हात आपल्याला फसवतात. पुरणपोळीची कणीक आपण तिंबतो, तेल लावून मुरवतो, पुन्हा तिंबतो, कारण पोळी पुरणासकट ताणली गेली पाहिजे, फाटता कामा नये. मैद्यातली दोन प्रथिनं पाण्यात भेटतात, हातानं किंवा चमच्यानं हलवत राहिलं की त्यांचं ग्लूटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पोळीत हवं असलेलं ते जाळं कपकेकमध्ये नको असतं. तिथे ते केकला चिवट करतं आणि आत उभे-आडवे बोगदे पाडतं. म्हणून सुकं साहित्य वेगळं चाळून, ओलं साहित्य वेगळं फेटून, शेवटी दोन्ही एकत्र करायचं आणि मैद्याचा शेवटचा पांढरा ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी हरकत नाही. बीटर या टप्प्यावर कपाटात ठेवावा.

सोडा दह्याला भेटला की ताबडतोब वायू सुटू लागतो. ढोकळ्याच्या पिठात फ्रूट सॉल्ट घातल्यावर आपण उभं राहत नाही, लगेच थाळी कुकरमध्ये सरकवतो, इथेही तसंच. बहुतेक बेकिंग पावडरींचा काही भाग ओव्हनच्या उष्णतेनं नंतर काम करतो, म्हणून ती जोडीला असते. सोड्याच्या शोधाची कथा इथे सांगत नाही, पण बेकिंग पावडरची सांगायला हवी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. त्यांनी तिच्यासाठी १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पूड तयार केली. घरातल्या एका माणसाला सोसेल असं काही करावं, म्हणून झालेली गोष्ट आज जगभर डब्यांत बसली आहे.

घरात अंडं चालत नसेल तर काळजीचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अंडी, लोणी, दूध यांची टंचाई असताना अमेरिकेतल्या घरांमध्ये ‘वॅकी केक’ लोकप्रिय झाला. त्यात मैदा, कोको, साखर, तेल, पाणी, सोडा आणि व्हिनेगर एवढंच असतं. आणि तो ओलसर होतो. अंड्याचं काम दोन प्रकारचं: त्यातली प्रथिनं केकला उभं धरतात आणि पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल-पाणी एकजीव करतं. छोट्या कपकेकला उभं राहायला कागदाचा आणि साच्याचा आधार असतोच, म्हणून मोठ्या केकपेक्षा कपकेकमध्ये अंड्याशिवाय भागतं. माझ्या मापात अंडं काढून दही ४० मिलिलिटरनं वाढवावं आणि एक छोटा चमचा व्हिनेगर शेवटी घालावं. आपल्याकडे रूढ असलेली कंडेन्स्ड मिल्कची पद्धतही चांगली. दुधातली प्रथिनं आणि साखर दोन्ही एकाच डब्यातून मिळतात. दुधाच्या जोरावर केक ओला ठेवणं मुंबईच्या इराणी हॉटेलांना फार आधी जमलं होतं. ग्रँट रोड स्टेशनजवळ १९१४ साली सुरू झालेल्या बी. मेरवाननं ज्याच्यावर नाव कमावलं तो मावा केक म्हणजे कागदाच्या वाटीतला कपकेकच. वर आयसिंगचा थेंब नाही, आत माव्याची चरबी आणि वेलची.

एवढं सगळं जुळून आलं तरी ओव्हनमधली शेवटची तीन मिनिटं सगळं घालवू शकतात. मोठा केक आणि कपकेक यांत इथे फरक पडतो. कपकेक लहान, म्हणून त्याच्या आकाराच्या मानानं त्याचा पृष्ठभाग मोठा. वाफ चारी बाजूंनी निघते. मोठ्या केकला दोन मिनिटं जास्त झाली तर कड जरा करकरीत होते, एवढंच. कपकेकला दोन मिनिटं जास्त झाली तर तो कडेपासून मधापर्यंत कोरडा.

माझ्या जुन्या ओटीजीचं बटण १८० वर असायचं आणि कपकेक मध्ये टोकदार होऊन फुटायचे. मी मिश्रणाला दोष देत राहिले. शेवटी ओव्हनमध्ये टांगायचा साधा थर्मामीटर आणला. बटण १८० वर, आत २०५. त्या एका गोष्टीनं माझे कितीतरी प्रश्न सुटले. आच जास्त असली की कडा आधी धरतात, मधलं मिश्रण अजून पातळ असतं, ते वाट मिळेल तिथून वर उसळतं आणि डोंगर तयार होतो. आता मी ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवते, थर्मामीटर १७० दाखवत असल्याची खात्री करते, साचा मधल्या जाळीवर ठेवते. कागदाचे कप दोन तृतीयांश भरते, त्याहून जास्त नाही. सोळाव्या मिनिटाला पहिली तपासणी.

दात कोरायची काडी घालून पाहायची आणि ती कोरडी, स्वच्छ बाहेर यायला हवी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. चॉकलेटच्या कपकेकसाठी ते मला मान्य नाही. काडी स्वच्छ येते तेव्हा उशीर झालेला असतो. काडीवर ओलं मिश्रण नको, पण दोन-तीन ओलसर कण चिकटलेले हवेत. बोटानं वर हलकेच दाबलं की खळगा राहू नये. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९६ ते ९८ अंश. बाहेर काढल्यावर गरम साचा अजून शिजवत राहतो, म्हणून पाच मिनिटांत कपकेक उचलून जाळीवर ठेवायचे. साच्यातच गार केले तर खालून वाफ कोंडते, कागद ओला होतो आणि आपोआप सुटून बाहेरच्या बाजूला वळतो.

आता वरचं आयसिंग; हल्ली सगळे फ्रॉस्टिंग म्हणतात. त्याच्याकडे लोक सजावट म्हणून पाहतात. मी त्याला झाकण समजते. कपकेकचा उघडा राहणारा भाग म्हणजे फक्त वरचा गोल; बाकी कागदात. तो गोल चरबीच्या थरानं कडेपर्यंत झाकला की वाफ जायला वाट उरत नाही. म्हणून मध्ये उंच भोवरा आणि कडेला उघडी पट्टी, असं करू नये. आधी कडेपर्यंत पातळ थर, मग हवा तर भोवरा.

सर्वांत सोपं म्हणजे बटर आणि त्याच्या दुप्पट पिठीसाखर फेटून केलेलं बटरक्रीम. थंड देशात ते छान उभं राहतं. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी लोळायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात ठाण्यात दुपारी त्याचा निभाव लागत नाही. शिवाय ते फार गोड. बिनमिठाचं बटरच घ्यावं. घरचं ताज्या सायीचं लोणी वापरायचं तर त्यातलं ताक नीट धुऊन काढावं लागतं, नाहीतर साखर पडली की पाणी सुटतं.

बेकरीतलं पांढरं, कितीही उन्हात न हलणारं क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतं. ते वनस्पती तेलाच्या घट्ट केलेल्या चरबीचं असतं. व्यवसाय करणाऱ्यांची अडचण मला समजते, आपल्या हवेत रोज शंभर केक पोचवायचे तर त्यांना ते लागतं. पण त्याचा टाळूला चिकटून राहणारा थर घरच्या चॉकलेटवर मला नको वाटतो. पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटून पाहण्याचा खटाटोपही करू नये. त्यात स्निग्धांश २५ टक्के असतो आणि क्रीम फुलायला निदान ३० टक्के लागतो. तासभर फेटलं तरी ते पातळच राहतं.

हेच २५ टक्क्यांचं क्रीम गनाशला मात्र उत्तम. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. आपल्या हवेसाठी मला तेच पटलं आहे. डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, क्रीम १२० मिलिलिटर, चमचाभर बटर, चिमूटभर मीठ. चॉकलेट घेताना पाकीट वाचावं. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. ते स्वस्त असतं, लवकर घट्ट होतं, पण तोंडात मेणासारखं राहतं. खरं चॉकलेट शरीराच्या तापमानाला, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून जिभेवर पडताच पातळ होतं.

चॉकलेट बारीक चिरायचं. क्रीम कडेनं बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, उकळायचं नाही. चॉकलेटवर ओतून दोन मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग मधोमध छोट्या गोलात ढवळायला सुरुवात करायची. सुरुवातीला फाटल्यासारखं, डागडाग दिसतं. मध्ये एक चमकदार ठिपका तयार होतो. तोच हळूहळू मोठा करत कडेपर्यंत न्यायचा. तेल आणि पाणी एकत्र बांधलं जात असतं, घाई केली तर फुटतं. फुटलंच तर एक चमचा कोमट दूध घालून पुन्हा मधूनच ढवळावं, जुळून येतं. नुसतं चॉकलेट वितळवताना मात्र ओला चमचा पडता कामा नये. पिठीसाखरेच्या डब्यात पाण्याचा थेंब पडला की खडा होतो, तसे चॉकलेटमधले साखरेचे आणि कोकोचे कण त्या थेंबाभोवती गोळा होतात आणि सगळं रवाळ होतं. थेंब घात करतो आणि वाटीभर क्रीम चालतं, हे आधी विचित्र वाटतं. पण भरपूर पाणी मिळालं की साखर विरघळते आणि कोकोचे कण गोळा न होता सुटे राहतात.

गनाश ओट्यावरच दोन-तीन तास ठेवायचं. चक्क्याइतकं घट्ट झालं की पायपिंग बॅगेत भरायचं. कपकेक पूर्ण गार असायला हवेत. तळहातावर घेतला आणि जराही ऊब लागली तर आणखी थांबायचं.

ठेवायचे कसे, ते आता सोपं आहे. बिनआयसिंगचे कपकेक घट्ट डब्यात, ओट्यावर, दोन दिवस. तेलाचा चॉकलेट केक दुसऱ्या दिवशी मला जास्त आवडतो. ओल कडेपर्यंत सारखी पसरते आणि कोकोची चव मुरते. म्हणून आता मी संध्याकाळी भाजते आणि सकाळी गनाश लावते. ताज्या क्रीमचं काही वर लावलं असेल तर फ्रिजला पर्याय नाही, तिथे चवीपेक्षा पोटाची काळजी आधी. अशा वेळी खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावेत. उरलेले कपकेक एकेक करून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळायचे आणि फ्रिजमधून न नेता थेट डीप फ्रीझरमध्ये टाकायचे. बहीण आता असेच सहा-आठ नेहमी ठेवते. सकाळी सातला गोठलेला कपकेक तसाच भाचीच्या डब्यात जातो आणि साडेदहाच्या सुट्टीत ती डबा उघडते तेव्हा तो नुकताच मऊ झालेला असतो.